घराची दारे निवडताना: कोल्हापूरचा पाऊस, पूर आणि सुताराचा रंधा

आपल्याकडे जुलै महिन्यात सुताराला जी बोलावणी येतात, त्यांतली बहुतेक एकाच तक्रारीची असतात: दार लागत नाही. सुतार येतो, दार उतरवतो, कडेवरून रंधा फिरवतो, दार पुन्हा चढवतो आणि सगळे समाधानाने चहा घेतात. तेच दार मार्च-एप्रिलमध्ये इतके आकसते की फटीतून पलीकडच्या खोलीतला दिवा दिसतो, आणि मग कडी धरत नाही म्हणून त्याच सुताराला पुन्हा निरोप जातो. लाकूड हवेतला ओलावा घेऊन रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात तो सोडून आकसते. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. हा त्याचा स्वभाव आहे आणि तो रंध्याने जात नाही. दाराचा प्रकार ठरवतानाच या स्वभावाची दखल घेतली, तर पुढची बरीच कटकट टळते.

दुकानात गेल्यावर डोळ्यांत प्रथम भरतात ते रंग आणि नक्षी. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घराच्या नकाशाची एक प्रत घ्यावी, प्रत्येक दाराला क्रमांक द्यावा आणि त्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: त्या दारापर्यंत पाणी कोणत्या वाटेने पोहोचेल, त्या दाराने कोणाला किंवा कशाला अडवायचे आहे, आणि त्यातून आत-बाहेर जाणारी सर्वांत मोठी वस्तू कोणती असेल. अशी यादी समोर असली की एकाच प्रकारची आठ दारे एकगठ्ठा घेण्याचा मोह कमी होतो. एकगठ्ठा खरेदीत सूट मिळते हे खरे. पण ती सूट न्हाणीघराच्या एका दाराने पुरती वसूल करून घेतल्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, त्याविषयी पुढे लिहितो.

मापे: चौकटीबाहेरची की आतली?

मुख्य दार 3.5 फूट रुंद, खोल्यांची दारे 3 फूट, न्हाणीघर आणि शौचालय 2.5 फूट, उंची सर्वांची 7 फूट, ही मापे आपल्याकडे इतकी रुळली आहेत की त्यांबद्दल कोणी प्रश्नच विचारत नाही. वास्तविक पहिला प्रश्न येथेच विचारायला हवा, कारण मिस्त्री जेव्हा ‘तीन फुटी दार’ म्हणतो तेव्हा ते माप बहुधा चौकटीच्या बाहेरच्या कडांचे असते. चौकटीचे लाकूड प्रत्येक बाजूला 2.5 इंच धरले, तर 36 इंचांतून 5 इंच जाऊन आतली मोकळी जागा 31 इंच उरते, आणि दार काटकोनात उघडे राहिले तर त्याच्या जाडीमुळे आणखी थोडी कमी होते. न्हाणीघराच्या 2.5 फुटी दारात याच हिशेबाने 25 इंच उरतात, म्हणजे चाकांची खुर्ची आत जाणे अवघड होते. घरात आज वृद्ध नसतील, पण घर तीस-चाळीस वर्षांसाठी बांधले जाते. म्हणून निदान एका न्हाणीघराला आणि तळमजल्यावरच्या एका खोलीला नेहमीपेक्षा सहा इंच जास्त द्यावेत. दोन उभ्या दारांचे मोठे फ्रीज साधारण 36 इंच रुंद असतात. ते स्वयंपाकघरात कोणत्या वाटेने जाणार, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

दार कोणत्या बाजूला उघडणार, हे इलेक्ट्रिशियन भिंतीत खाचा पाडण्यापूर्वी ठरले पाहिजे. ते नंतर बदलले की दिव्याची बटणे उघड्या दाराच्या मागे जातात आणि आयुष्यभर माणूस अंधारात दाराला वळसा घालून बटण शोधतो. ज्यांच्या घरी वास्तुशास्त्र पाहण्याची पद्धत आहे त्यांनी दिशा आणि संख्या यांचा निर्णय नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वीच उरकावा, कारण चौकट बसल्यावर दार दुसरीकडे हलवणे म्हणजे भिंत फोडून वरचे लिंटेलही (दारावरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई) नव्याने घालणे होय.

चौकट

दार बदलता येते. चौकट बदलायची तर प्लास्टर, फरशी आणि रंग यांची मोडतोड होते. म्हणून पैशाची ओढाताण असेल तर ती दारात करावी, चौकटीत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुख्य दाराच्या चौकटीसाठी सागवानाला आजही तोड नाही. त्याच्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि ओलाव्याने ते इतर लाकडांच्या मानाने कमी हलते. मात्र हा गुण गाभ्याच्या लाकडाचा आहे. बाहेरचा फिकट पांढरट भाग सागवानाचा असला तरी वाळवी त्याला सोडत नाही. टिंबर मार्केटमधल्या वखारीत दांडेलीचे, बल्लारशाचे आणि आफ्रिकेतून आलेले असे सागवान वेगवेगळ्या भावाने दाखवले जाते. नावावर फार विसंबू नये. कापलेला तुकडा हातात घेऊन त्याच्या रेषा किती जवळजवळ आहेत, पांढरा भाग किती आहे आणि गाठी कडेला आल्या आहेत का, हे उजेडात पाहावे. लाकूड वाळलेले आहे की नाही हे ओलावा मोजण्याच्या छोट्या यंत्राने कळते. 12 टक्क्यांच्या आसपासचे लाकूड निर्धास्त घ्यावे आणि 18-20 टक्के दाखवणारे लाकूड कितीही देखणे असले तरी वखारीतच ठेवावे.

लाकडाचे बिल घनफुटात येते आणि ते तपासणे अवघड नाही. 5 इंच बाय 3 इंच जाडीच्या चौकटीसाठी दोन उभे तुकडे प्रत्येकी सव्वासात फुटांचे आणि वरचा आडवा तुकडा 4 फुटांचा धरला, तर एकूण लांबी 18.5 फूट होते. 5 आणि 3 यांचा गुणाकार 15, त्याला 144 ने भागून लांबीने गुणले की सुमारे 1.93 घनफूट येतात. लाकडी उंबरा हवा असेल तर आणखी 4 फूट मिळवून 2.34 घनफूट. रंधा मारल्यावर प्रत्येक बाजूने थोडे लाकूड जाते, त्यामुळे 5 बाय 3 चे लाकूड बसेपर्यंत पाव इंचाने लहान दिसते. ती फसवणूक नव्हे. मात्र बिलातला आकडा या हिशेबाच्या फार पुढे गेला असेल, तर हिशेबाचा कागद पुढे करून शांतपणे विचारावे.

चौकटीत दार ज्या खाचेत बसते ती खाच दाराच्या जाडीइतकी रुंद काढावी लागते, म्हणून दाराची जाडी आधी आणि चौकट नंतर ठरवावी. मुख्य दाराबाहेर जाळीचे सुरक्षा दार बसवण्याचा विचार असेल, तर दोन खाचांची चौकट सुरुवातीलाच सांगावी. नंतर जाळीच्या दारासाठी भिंतीवर लोखंडी फ्रेम ठोकलेली घरे गल्लोगल्ली दिसतात आणि ती जोडणी कधीच नीट दिसत नाही.

आतल्या खोल्यांना सागवानी चौकट परवडत नसेल तर साल वृक्षाचे किंवा इतर कठीण लाकूड चालते, मात्र भिंतीला चिकटणाऱ्या मागच्या बाजूला वाळवीचे औषध आणि तेलरंगाचा हात दिल्याशिवाय ते बसवू नये. न्हाणीघराला लाकडी चौकट देऊच नये. तेथे ग्रॅनाइटची चौकट उत्तम. ती कुजत नाही, वाळवी तिच्याकडे पाहत नाही आणि गवंडीही ती सरावाने बसवतो. फक्त बिजागऱ्यांची भोके कोठे पाडायची हे दार आणल्यानंतर ठरवावे, कारण दगडाला चुकलेले भोक लपत नाही.

मुख्य दार

मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत अजून उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या वाड्याचे दार नीट पाहिले, तर त्यातून बरेच शिकता येते. दोन जाड झडपा, मागे आडवा अडसर, वर गणेशपट्टी आणि मोठ्या दारात रोजच्या ये-जा करण्यासाठी एक छोटी दिंडी. दार मोठे असावे पण दर वेळी ते सगळे उघडावे लागू नये, ही त्यामागची सोय होती. आज दिंडी करत नाहीत. परंतु 4 फूट किंवा त्याहून रुंद दार हवे असेल तर एक अखंड जड झडप लावण्यापेक्षा एक मोठी आणि एक अरुंद अशा दोन झडपा करणे त्याच विचाराला धरून आहे. रोज मोठी उघडावी, सोफा आणायचा असेल किंवा घरात कार्य असेल त्या दिवशी दोन्ही उघडाव्यात.

लाकडी मुख्य दार घ्यायचे तर भरीव सागवानाचे पॅनेलचे दार घ्यावे. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. उभ्या आणि आडव्या पट्ट्यांचा एक सांगाडा असतो, त्या पट्ट्यांना आतून खाच असते आणि मधली पातळ फळी त्या खाचेत डिंक न लावता मोकळी बसवलेली असते. पावसाळ्यात ही फळी फुगली तर खाचेत सरकते, उन्हाळ्यात आकसली तर मागे येते, आणि बाहेरच्या सांगाड्याचे माप फारसे बदलत नाही. काही सुतार फळी आवाज करू नये म्हणून तिला डिंक किंवा खिळे मारून टाकतात. मग ती फुगायला जागा न मिळाल्याने सांगाड्याचे सांधे उघडते, किंवा आकसताना मधोमध तडकते. काम सुरू असताना ही एक गोष्ट स्वतः उभे राहून पाहावी.

कोल्हापूरचा पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून तिरका येतो. त्या बाजूला तोंड असलेल्या दारावर निदान 3 फूट पुढे आलेला छज्जा किंवा पडवी नसेल, तर उत्तम सागवानही काही वर्षांत खालच्या हातभर भागात काळे पडते. छज्जा शक्यच नसेल तर पावडर कोटिंग केलेले पोलादी दार घ्यावे. लाकडासारखा छाप मारलेली पोलादी दारे आता सर्रास मिळतात. ती लाकडासारखी दिसतात असे विक्रेते म्हणतात, मला ती पोलादासारखीच दिसतात, परंतु तिरक्या पावसात ती टिकतात हे मान्य करायला हवे. त्यांना खरचटले की तो ओरखडा लगेच रंगाने बंद करावा, नाहीतर गंज तेथून सुरू होतो.

कुलूप चांगले असले आणि चौकट भिंतीत सैल असली तर कुलपाचा उपयोग नाही. चौकटीच्या प्रत्येक उभ्या बाजूला लोखंडी होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या पट्ट्या, तीन ठिकाणी काँक्रीटमध्ये पक्क्या झालेल्या असाव्यात. दारात बसणारे मॉर्टिस कुलूप, आतून आडवी कडी आणि डोळ्याच्या उंचीवर भिंग एवढे पुरते. दार बाहेर उघडणारे असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेरच्या बाजूला येतात. अशा वेळी पिना न निघणाऱ्या बिजागऱ्याच लावाव्यात.

आतल्या खोल्या

येथे फ्लश डोअर हा सोयीचा पर्याय आहे. आत लाकडी पट्ट्यांचा भरीव गाभा आणि दोन्ही बाजूंना प्लायचे थर, अशी त्याची घडण असते. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आय.एस. 2202 हा मानकाचा क्रमांक पाहून घ्यावा. पोकळ गाभ्याचे दार स्वस्त आणि हलके असते, पण बोटाने ठोकले की ढोलासारखे वाजते, आवाज अडवत नाही आणि त्यात हुक किंवा कडीचे स्क्रू धरत नाहीत. खोल्यांना 30 किंवा 32 मिलिमीटर जाडी पुरते. 35 मिलिमीटरचे 3 बाय 7 फुटांचे भरीव दार 35 ते 40 किलो भरते, त्यामुळे दोन बिजागऱ्यांवर ते टांगू नये. तीन लावाव्यात आणि त्या 4 इंचांच्या, स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात.

सनमायका लावायचा तर दोन्ही बाजूंना लावावा. दर्शनी बाजूला सनमायका आणि मागे नुसता रंग, अशी काटकसर केली की एक बाजू ओलावा घेते, दुसरी घेत नाही आणि दार धनुष्यासारखे वाकते. अशा दाराची वरची कड चौकटीला लागते तेव्हा खालची अर्धा इंच बाहेर राहते आणि त्यावर सुताराकडेही इलाज नसतो.

आता या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. दाराची वरची आणि खालची कड कोणी रंगवत नाही, कारण ती दिसत नाही. पण उभ्या लाकडाची टोके तेथेच उघडी असतात आणि स्पंज पाणी शोषतो तसा ओलावा ती टोके शोषतात. दार चढवण्यापूर्वी ते आडवे ठेवून सहाही बाजूंना, म्हणजे दोन्ही तोंडे आणि चारही कडांना, तेलरंगाचे किंवा पॉलिशचे दोन हात द्यावेत. कुलपासाठी कोरलेल्या खाचेच्या आतसुद्धा एक हात फिरवावा. जुलैतले रंधा मारणे यानेच बहुतांशी थांबते. तरीही दार अडकलेच तर भर पावसात एक-दोन कागद जाडीपेक्षा जास्त लाकूड काढू देऊ नये, आणि काढलेल्या जागी त्याच दिवशी रंग द्यावा.

मेम्ब्रेन डोअरमध्ये, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवलेल्या दारात, नक्षी उठावदार येते आणि किंमतही आवाक्यात असते. कोरड्या झोपण्याच्या खोलीला ते चालेल. त्यापलीकडे त्याला कोठेही बसवू नये.

देवघराला जाळीचे किंवा घंट्यांच्या खाचांचे दार हौसेने करतात. ते सुंदर दिसते, फक्त आतल्या समईच्या ज्योतीपासून लाकूड दूर राहील इतकी खोली ठेवावी.

न्हाणीघर

वर उल्लेख केलेला अनुभव असा. घर बांधताना मी सगळी दारे एकाच दुकानातून घेतली आणि दुकानदाराच्या शब्दावर न्हाणीघरालाही मेम्ब्रेन डोअर लावले. पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडेचा पापुद्रा सुटला, आतला भुसा पाव फुगावा तसा फुगला आणि दिवाळीपूर्वी ते दार रद्दीवाल्यालाही नको झाले. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द वरच्या पापुद्र्यापुरता खरा होता, आतल्या गाभ्यापुरता नव्हता. आणि पाणी नेहमी खालच्या कडेने येते.

न्हाणीघराला डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचे मिश्रण), एफआरपी (काचतंतूंनी बळकट केलेले प्लास्टिक), पीव्हीसी किंवा अॅल्युमिनियम यांपैकी एक निवडावे. पीव्हीसी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर सैल होणारे. डब्ल्यूपीसी लाकडाप्रमाणे कापता आणि रंगवता येते, वाळवी लागत नाही, मात्र त्याची घनता कमी असेल तर बिजागरीचे स्क्रू कालांतराने सुटतात; नमुन्याचा तुकडा मागून त्यात एक स्क्रू पिळून पाहावा. एफआरपी आकार धरून ठेवते आणि माझ्या मते रोजच्या वापराच्या न्हाणीघराला तेच बरे.

हे दार शक्य असल्यास बाहेर उघडणारे किंवा सरकते ठेवावे. आत कोणी घसरून पडले तर आत उघडणारे दार त्या माणसालाच अडते आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. कडीही अशी निवडावी की गरज पडल्यास बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल. गॅस गिझर मात्र न्हाणीघरात नसावाच. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. दाराला खाली झरोके ठेवले म्हणजे हा धोका टळतो, असे समजू नये. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि पाणी नळाने आत आणावे.

गच्ची आणि बाल्कनी

गच्चीला पोलादी किंवा अॅल्युमिनियमचे दार लावावे आणि बाहेरच्या फरशीपेक्षा उंबरा निदान 4 इंच उंच ठेवावा. बाल्कनीला यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) किंवा अॅल्युमिनियमचे सरकते दार घेतले तर खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने पाणी जाण्याची भोके आहेत का, ते पाहावे आणि मे महिन्याच्या शेवटी ती काडीने साफ करावीत. भोके बुजली की रुळात साचलेले पाणी दिवाणखान्यात येते आणि दोष दाराला दिला जातो.

पूररेषेजवळची घरे

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये ‘दरवाजे उघडले’ असे कोणी म्हटले की घराचे दार कोणाच्या मनात येत नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजेच येतात. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे येथे लहान मुलांनाही पाठ असतात. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी तेथील पातळी 55 फुटांच्या वर गेली, आणि शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, नागाळा पार्क यांसारख्या भागांत तळमजल्यांवर पाणी दिवसेंदिवस राहिले.

अशा भागात तळमजल्याला फ्लश डोअर लावणे म्हणजे ते पुढच्या मोठ्या पुरापर्यंतच लावणे होय, कारण प्लायचे थर एकदा सुटले की जुळत नाहीत. भरीव सागवानाचे पॅनेलचे दार, डब्ल्यूपीसी किंवा पोलादी दार यांतूनच निवड करावी, आणि चौकट ग्रॅनाइटची किंवा पोलादी असावी. आपल्या पुराची एक बाजू अशी की तो बहुधा सांगून येतो. बंधाऱ्यावरची पातळी चढताना पाहून माणसे सामान वर नेतात. त्या सामानात दारेही नेता यावीत म्हणून तळमजल्याच्या आतल्या दारांना वरून पिन काढता येणाऱ्या बिजागऱ्या लावाव्यात. तीन पिना काढल्या की दोन माणसे दार उचलून माडीवर ठेवू शकतात. प्रत्येक दाराच्या वरच्या कडेवर खोलीचे नाव रंगाने लिहून ठेवले तर परत बसवताना गोंधळ होत नाही. पाण्यात राहिलेले सागवानी दार उन्हात टेकवून वाळवू नये; ते धुऊन, सावलीत, दोन पट्ट्यांवर आडवे ठेवून, हवा खेळती राहील अशा तऱ्हेने काही आठवडे वाळू द्यावे, आणि पूर्ण वाळल्यावरच रंधा व रंग यांकडे वळावे.

बसवण्याची वेळ

चौकटी प्लास्टरच्या आधी आणि दारे फरशी, प्लास्टर व रंगाचा पहिला हात झाल्यानंतर, हा क्रम मोडू नये. नव्या प्लास्टरमधून आठवडेच्या आठवडे ओलावा निघत असतो आणि घाईने चढवलेले दार तो पितो. दार आल्यावर ते त्याच घरात चार-आठ दिवस सपाट ठेवावे, मगच कापावे. बाजूला 3 मिलिमीटर आणि खाली फरशीपासून 5 ते 6 मिलिमीटर फट ठेवावी. पुढे फरशीवर फरशी बसवण्याचा बेत असेल तर ते सुताराला आताच सांगावे.

शक्य असेल तर दारे हिवाळ्यात चढवावीत, कारण त्या वेळी लाकूड फार फुगलेले नसते आणि फार आकसलेलेही नसते. सुताराशी बोलताना मजुरीचा थोडा भाग पहिला पावसाळा संपल्यानंतर, दसऱ्याला देण्याचे ठरवून घ्यावे. चांगला सुतार याला हरकत घेत नाही, आणि दसऱ्याला पैसे न्यायला येतो तेव्हा न सांगता सगळी दारे एकदा लावून पाहतो.